विलायती मेंदी (मर्टल)

विलायती मेंदी किंवा मर्टल (शास्त्रीय नाव: मिर्टस कम्युनिस, कुल: मिर्टेसी म्हणजेच जंबुल कुल) हे सुगंधी पानांचे, पांढऱ्या फुलांचे सदाहरित झुडूप आहे. ते मूळचे भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातील असून तेथून पूर्वेकडे इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानपर्यंत आढळते. कार्ल लिनीअस यांनी १७५३ साली या वनस्पतीचे शास्त्रीय नामकरण केले. जांभूळ, पेरू, लवंग व निलगिरी हे वृक्ष याच कुलातील आहेत. किंबहुना या कुलाला मिळालेले मिर्टेसी हे नाव याच झुडपावरून आलेले आहे. मिर्टस प्रजातीत एके काळी शेकडो जातींचा समावेश केला जात असे. पुढे त्यांतील बहुतेक जाती अन्य प्रजातींत हलविण्यात आल्या व आज या प्रजातीत दोनच जाती मानल्या जातात. एक प्रस्तुत जाती आणि दुसरी सहारा वाळवंटातील डोंगराळ भागात तग धरून राहिलेली मिर्टस निव्हेली.

नावांचा घोळ

या झुडपाची माहिती घेताना पहिली अडचण येते ती नावाची. ‘विलायती मेंदी’ या नावातील मेंदीशी त्याचा काही संबंध नाही. हाता-पायांवर काढतात ती मेंदी (लॉसोनिया इनर्मिस) लिथ्रेसी म्हणजे मेंदी कुलातील आहे. याउलट इंग्रजीत ‘क्रेप मर्टल’ म्हणतात ते चुणीदार पाकळ्यांचे, उद्यानांत ‘सावनी’ या नावानेही मिळणारे झाड (लॅजरस्ट्रोमिया इंडिका) मर्टल नसून मेंदीच्या कुलातील आहे. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण हा त्याचाच जवळचा नातलग. थोडक्यात, ज्याला आपण मेंदी म्हणतो ती मेंदी नव्हे आणि ज्याला इंग्रज मर्टल म्हणतात ते मर्टल नव्हे. भर म्हणून, कोरड्या टेकड्यांवर वाढणाऱ्या जखमी (डोडोनिया व्हिस्कोसा) या झुडपालाही हिंदी भाषक प्रदेशात ‘विलायती मेंदी’ हेच नाव आहे, आणि कुंपणाला लावल्या जाणाऱ्या कोयनेलीला अनेक जण ‘कडू मेंदी’ म्हणतात.

हा घोळ केवळ शब्दांचा नाही. रोपवाटिकेत नुसते नाव सांगून रोप घेतल्यास भलतेच झाड घरी येते आणि वनौषधी म्हणून पाने किंवा फळे वापरणाऱ्याची तर गफलत धोक्याची ठरू शकते. म्हणून रोप घेण्यापूर्वी एक पान तोडून दोन परीक्षा कराव्यात. पान उजेडाकडे धरले असता त्यात सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसले पाहिजेत. या तैलग्रंथी होत. मग तेच पान चुरगळावे. निलगिरीची आठवण करून देणारा, पण तिच्याहून सौम्य व गोडसर वास आला पाहिजे. जखमीची पाने एकाआड एक व चिकट असतात आणि तिच्या फळांना कागदासारखे पंख असतात. कुंती (कामिनी) हिच्या पानांतही तैलग्रंथी असतात. परंतु तिचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर अनेक दले असतात. विलायती मेंदीचे पान साधे असते व पानांची मांडणी समोरासमोर असते.

युनानी वैद्यकात या झुडपाला ‘आस’ व त्याच्या वाळलेल्या फळांना ‘हब्बुल आस’ म्हणतात. स्पॅनिश भाषेतील ‘अर्रायान’ हा शब्द सुगंधी वनस्पती अशा अर्थाच्या ‘रैहान’ या अरबी शब्दापासून आला आहे.

वर्णन

झुडूप साधारणपणे २ ते ३ मीटर उंच वाढते. जुनी झाडे ५ मीटरपर्यंतही जातात. फांद्या दाट असून जुन्या खोडाची साल तपकिरी व तंतुमय असते. पाने संमुख, अंडाकृती ते भालाकृती, २ ते ५ सेंमी. लांब, टोकदार, गडद हिरवी व चकचकीत असतात. भूमध्य प्रदेशात फुले उन्हाळ्यात येतात. ती पानांच्या बगलेत एकेकटी, सुमारे २ सेंमी. व्यासाची व पाच पाकळ्यांची असतात. मधोमध पांढऱ्या केसरदलांचा झुबका असतो. पेरूचे फूल ज्यांनी नीट न्याहाळले आहे त्यांना हे फूल प्रथमदर्शनीच ओळखीचे वाटेल. परागण कीटकांद्वारे होते. मृदुफळे निळसर काळी, वाटाण्याएवढी, वर संदलांचा मुकुट असलेली व अनेकबीजी असून हिवाळ्याच्या सुमारास पिकतात. काही प्रकारांची फळे पांढरी असतात. पक्षी फळे खातात व त्यांच्याद्वारे बीजप्रसार होतो.

पानांतील बाष्पनशील तेलात सिनिओल, आल्फा-पायनीन, लिनॅलूल व मिर्टेनिल ॲसिटेट ही प्रमुख द्रव्ये असतात. प्रदेशानुसार त्यांचे प्रमाण बदलते, त्यामुळे एका देशातील झुडपाचा वास दुसऱ्या देशातील झुडपासारखाच असतो असे नाही.

लागवड

हवामान: भूमध्य प्रदेशात उन्हाळा कोरडा आणि हिवाळा पावसाळी असतो. कॉर्सिका व सार्डिनिया या बेटांवर ‘माकी’ किंवा ‘माक्किया’ नावाची जी काटक झुडपांची राने आहेत त्यांत हे झुडूप खडकाळ जमिनीत, समुद्राच्या वाऱ्यात वाढते. महाराष्ट्राचे ऋतुचक्र याच्या नेमके उलट आहे. येथे पाऊस उष्णतेच्या दिवसांत पडतो. लागवडीसंबंधीच्या बहुतेक सूचना या एका फरकातून निघतात. उन्हाळ्याचा ताप व कोरडेपणा हे झुडूप सोसते, मात्र उबदार व सतत ओल्या मातीत त्याची मुळे कुजतात. त्यामुळे आपल्याकडे जपायचे ते उन्हापासून नव्हे, आषाढ-श्रावणातील झडीपासून. थंडीची अडचण महाराष्ट्रात येत नाही. आसऱ्याच्या जागी हे झुडूप उणे ५ ते उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. परंतु गोठवणाऱ्या कोरड्या वाऱ्याने पाने करपतात. म्हणूनच उत्तर युरोपात ते दक्षिणाभिमुख भिंतीच्या आडोशाला लावतात किंवा कुंडीत लावून हिवाळ्यात आत घेतात.

जागा व जमीन: दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीत झुडूप जगते, पण फांद्या लांबट व विरळ होतात आणि फुले जवळजवळ येत नाहीत. माती निचऱ्याची हवी. किंचित चुनखडीयुक्त जमीनही चालते, तथापि चुन्याचे प्रमाण फार असल्यास लोहाच्या कमतरतेने कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. विदर्भ-मराठवाड्यातील भारी काळी माती या झुडपाला मानवत नाही. पावसात ती पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. अशा ठिकाणी जमिनीत खड्डा खणून रोप लावू नये. खड्डा वाळू-मुरमाने भरला तरी भोवतालच्या चिकणमातीमुळे त्यात हौदासारखे पाणी साठते. त्याऐवजी मुरूम, वाळू व कुजलेले शेणखत मिसळून दीड-दोन फूट उंचीचा वाफा किंवा बांध करावा व त्यावर लागवड करावी. कोकणातील जांभ्या जमिनीत निचरा चांगला होतो, परंतु पावसाचे मान पाहता तेथे कुंडीच अधिक खात्रीची.

कुंडीतील लागवड: ज्यांच्याकडे अंगण नाही, केवळ गच्ची किंवा सज्जा आहे, त्यांच्यासाठी हे झुडूप सोयीचे आहे, कारण ते सावकाश वाढते व छाटणीला उत्तम प्रतिसाद देते. मातीची कुंडी प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा बरी. तिच्या भिंतीतून ओल उडून जाते. मिश्रणासाठी दोन भाग गाळाची किंवा पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू व एक भाग चाळलेले पालापाचोळ्याचे खत घ्यावे. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा व कुंडी विटांवर टेकवावी, म्हणजे भोक जमिनीला चिकटून बुजणार नाही. कुंडीखाली ताटली ठेवण्याची पद्धत या झाडाच्या बाबतीत टाळलेलीच बरी. पावसाळ्यात कुंडी भिंतीलगत, उजेड मिळेल परंतु थेट धार लागणार नाही अशी ठेवावी. पागोळीखालची जागा सर्वांत वाईट. साधारण दोन वर्षांनी हिवाळा संपताना मुळांचा गोळा काढून बाहेरची थोडी मुळे कापावीत व नवी माती भरून रोप पुन्हा लावावे.

पाणी व खत: ठरावीक दिवसांनी पाणी देण्यापेक्षा मातीत बोट खुपसून पाहणे अधिक योग्य. वरची दोन-तीन सेंमी. माती कोरडी झाली असेल तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे व पुन्हा कोरडी होईतो थांबावे. जमिनीत रुजलेले दोन-तीन वर्षांचे झुडूप पाण्याचा ताण सोसते; कुंडीतील रोपाला ती सवलत नाही. एप्रिल-मे महिन्यांत लहान कुंडीला रोजही पाणी द्यावे लागेल. येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी. मुळे कुजू लागली की पाने मलूल होतात व पाणी कमी पडले तरीही पाने मलूल होतात. पहिल्या प्रकारात माणूस दयेपोटी आणखी पाणी घालतो व झाड मरते. पाने माना टाकताना दिसली तर आधी माती पाहावी, मग पाणी. खताची गरज बेताची आहे. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पातळ शेणखत किंवा गांडूळखत पुरे. नत्र अधिक झाल्यास पाला माजतो, फुले घटतात व कोवळ्या फुटीवर कीड येते.

छाटणी

फुले चालू हंगामातील नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत येतात. यावरून छाटणीची वेळ ठरते. नवी फूट येण्याच्या आधी, म्हणजे आपल्याकडे हिवाळा सरताना, छाटणी करावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व आत वळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात आणि बाकीच्या हव्या त्या आकारात आखूड कराव्यात. बहर संपल्यावर छाटले तर फळे हातची जातात. कुंपण किंवा आकृती म्हणून वरचेवर कातरलेल्या झुडपाला फुले फारच कमी येतात. आखीव कुंपण आणि बहर ही दोन्ही एकाच झुडपाकडून मागता येत नाहीत. म्हातारे, बुडाशी उघडे पडलेले झुडूप एकदम छाटू नये. दर वर्षी एक-तृतीयांश जुन्या फांद्या खाली कापून तीन वर्षांत ते नवे करून घ्यावे. वामनवृक्ष (बोन्साय) करण्यासाठीही हे झुडूप योग्य आहे. बारीक पाने व लवकर जून दिसणारे खोड ही त्याची जमेची बाजू.

अभिवृद्धी

बियांपासून रोपे करता येतात. पिकलेल्या फळाचा गर पूर्ण धुऊन बी ताजे असतानाच वाळूमिश्रित मातीत वरवर पेरावे. अशी रोपे फुलायला काही वर्षे लागतात व ती मातृवृक्षासारखीच निघतील याची हमी नसते. म्हणून निवडक प्रकारांसाठी छाट कलमे लावतात. त्या हंगामातील, बुडाशी किंचित तपकिरी होऊ लागलेली पण टोकाशी लवचीक अशी ७ ते १० सेंमी. लांबीची फांदी पेऱ्याच्या खाली कापावी. खालच्या अर्ध्या भागावरील पाने काढावीत. ओली वाळू व नारळाचा भुसा समप्रमाणात घेऊन त्यात ती खोचावी व वर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घालावी. युरोपात हे काम उन्हाळ्याच्या उत्तरार्धात करतात. महाराष्ट्रात पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात केल्यास कलमे कुजण्याचे प्रमाण कमी राहते. मुळे धरण्यास दीड-दोन महिने लागतात. तोवर कलम उपटून पाहण्याचा मोह आवरावा. नवी पालवी दिसली की मुळे धरली असे समजण्यास हरकत नाही.

कीड व रोग

खवले कीड, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी व फुलकिडे यांचा उपद्रव होतो, विशेषतः हवा न खेळणाऱ्या जागी. खवले कीड व पिठ्या ढेकूण यांच्या चिकट स्रावावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. प्रादुर्भाव थोडा असताना ओल्या फडक्याने किडी पुसून काढाव्यात व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. मूळकुजीवर मात्र उपचारापेक्षा निचरा हाच उपाय आहे.

यापेक्षा फार गंभीर रोग म्हणजे मर्टल तांबेरा. ऑस्ट्रोपुक्सिनिया सिडी या कवकामुळे तो होतो. या कवकाचे प्रथम वर्णन १८८४ साली ब्राझीलमधील पेरूवरून करण्यात आले. कोवळ्या पानांवर, फुटीवर व फळांवर हळदीसारख्या पिवळ्याजर्द भुकटीचे फोड येतात आणि नवी वाढ वारंवार मरून शेवटी झाडच खचते. हा रोग २००५ साली हवाई बेटांवर पोहोचला व तेथील गुलाबजांबाच्या झाडांची मोठी हानी झाली. २०१० साली तो ऑस्ट्रेलियात व २०१७ साली न्यूझीलंडमध्ये आढळला. ऑस्ट्रेलियात जंबुल कुलातील काही रानटी जाती त्यामुळे नामशेष होण्याच्या काठावर आल्या आहेत. बीजाणू वाऱ्याने, तसेच रोपे, अवजारे व कपडे यांवरून पसरतात. पेरूच्या बागा, जांभळीची झाडे आणि सह्याद्रीतील या कुलाच्या अनेक रानजाती लक्षात घेतल्या म्हणजे परदेशातून हौसेने सामानात घालून आणलेल्या एका फांदीची किंमत किती असू शकते ते कळते. भारतात वनस्पतींची आयात ‘वनस्पती संगरोध (भारतात आयातीचे नियमन) आदेश, २००३’ अन्वये नियंत्रित केली जाते. परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असल्याखेरीज रोपे किंवा कलमे आणता येत नाहीत.

दक्षिण इटलीत ऑलिव्हची झाडे वाळवून टाकणाऱ्या झायलेला फॅस्टिडिओसा या जीवाणूच्या आश्रयी वनस्पतींच्या यादीतही या झुडपाची नोंद आहे.

प्रकार

उद्यानांत सर्वाधिक आढळतो तो ‘टारेंटिना’ हा प्रकार. तो उंचीने कमी व दाट असून त्याची पाने अरुंद व फळे पांढरट असतात. कुंडीसाठी व बुटक्या कुंपणासाठी तो मूळ जातीपेक्षा सरस. ‘व्हेरिगाटा’ची पाने मलईच्या रंगाच्या कडांची असतात.

सांस्कृतिक संदर्भ

प्राचीन ग्रीसमध्ये हे झुडूप प्रेमदेवता आफ्रोडायटी हिला व रोममध्ये व्हीनस हिला वाहिलेले होते. एल्युसिस येथील गूढ विधींत दीक्षित लोक त्याच्या डहाळ्यांचे मुकुट घालत. रोममध्ये मोठ्या विजययात्रेत सेनापती लॉरेलचा मुकुट घाले. रक्तपाताविना किंवा कमी मानाच्या शत्रूवर मिळविलेल्या विजयाच्या छोट्या मिरवणुकीत मात्र मर्टलचा मुकुट असे. थोरल्या प्लिनीने आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथाच्या पंधराव्या खंडात क्विरिनसच्या मंदिरासमोरील दोन मर्टल झाडांची हकीकत दिली आहे. एकाला कुलीनांचे व दुसऱ्याला सामान्यजनांचे झाड म्हणत. सिनेटची सत्ता भरात होती तोवर पहिले बहरलेले होते; पुढे ते सुकू लागले व दुसरे फोफावले. वनस्पतीवरून राजकारण वाचण्याचा हा नमुना मोठा गमतीदार आहे. मिरी माहीत होण्यापूर्वी तिच्या जागी मर्टलची फळे वापरीत, असेही प्लिनी नमूद करतो.

यहुदी धर्मात सुक्कोथ (मंडपांचा सण) या सणात चार वनस्पती हातात घेतात: महाळुंगाच्या वर्गातील एत्रोग हे फळ, खजुराचे न उमललेले पान, वाळुंजाच्या दोन डहाळ्या आणि मर्टलच्या तीन. मर्टलच्या डहाळीवर प्रत्येक पेऱ्यापाशी तीन-तीन पाने एकाच पातळीवर असावीत असा दंडक आहे. सर्वसाधारण झुडपावर पाने दोन-दोन असल्याने तीन पानांच्या डहाळ्या निवडून घ्याव्या लागतात, व त्यासाठी इस्राएलमध्ये या झुडपाची खास लागवड केली जाते. मराठी भाषक बेने इस्राएल समाजातही हा सण पाळला जातो. बायबलमधील एस्तेर राणीचे हिब्रू नाव हदस्सा हे ‘हदास’ म्हणजे मर्टल या शब्दावरून आलेले आहे.

स्पेनमधील ग्रॅनडा येथील अल्हम्ब्रा राजवाड्यातील ‘पातिओ दे लोस अर्रायानेस’ (मर्टलचे प्रांगण) जगप्रसिद्ध आहे. सुमारे ३४ मीटर लांबीच्या जलाशयाच्या दोन्ही बाजूंना कातरलेल्या मर्टलची कुंपणे असून त्यांवरूनच प्रांगणाला हे नाव मिळाले. जर्मनीत वधूच्या मस्तकावर मर्टलचा मुकुट घालण्याची प्रथा होती. ब्रिटिश राजघराण्यात ही चाल व्हिक्टोरिया राणीच्या काळी रूढ झाली. १८४५ साली प्रिन्स अल्बर्टच्या आजीने तिला दिलेल्या पुष्पगुच्छातील मर्टलची डहाळी वाइट बेटावरील ऑस्बर्न हाउस येथे लावण्यात आली, असे सांगतात. १८५८ साली राजकन्या व्हिक्टोरियाच्या विवाहापासून राजघराण्यातील वधूंच्या गुच्छात मर्टलची डहाळी असते. २०११ साली केट मिडलटन यांच्या विवाहातही ती होती.

उपयोग

सार्डिनिया व कॉर्सिका येथे पिकलेली फळे मद्यार्कात काही आठवडे भिजवून ‘मिर्तो’ नावाचे मद्य करतात. पाने व डहाळ्या मांस भाजताना सुगंधासाठी वापरतात. ‘मोर्ताडेल्ला’ या इटालियन सॉसेजचे नाव मर्टल घातलेल्या रोमन पदार्थावरून आले, असे एक मत आहे. फळे खाद्य असली तरी तुरट व राळेसारख्या चवीची असतात. जांभळाच्या अपेक्षेने तोंडात टाकणाऱ्याची निराशा होते. लाकूड कठीण असून त्याच्या काठ्या, अवजारांच्या मुठी व लहान कातीव वस्तू करतात.

युनानी वैद्यकात फळे स्तंभक म्हणून अतिसारावर देतात. पानांचा उपयोग केसांच्या तेलांत होतो. ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल सुगंधद्रव्यांत वापरतात. हे तेल अतिशय तीव्र असते. त्यात सिनिओल असल्यामुळे ते पोटात घेणे, तसेच लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ लावणे धोक्याचे आहे. पानांचा काढा आणि बाटलीतील तेल या दोन वस्तू एकच समजून एकीची मात्रा दुसरीला लावू नये.